जगातला सर्वांत मोठा बँड आणि बाबांचे केस

मी अमेरिकेला जायला निघालो त्या दिवशी तुमसरच्या बसस्थानकावर बाबांचा हात सारखा मानेमागे जात होता. तिथे काहीच नव्हतं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत तिथे केसांचा चांगला मुठीएवढा बुचडा होता आणि तो सैल तर झाला नाही ना, हे चाचपून बघायची त्यांना पंचवीस वर्षांची सवय होती. हात जायचा, उघड्या मानेला लागायचा आणि खाली यायचा. मग ते उगाच दुपट्ट्याचं टोक नीट करायचे.

ऑगस्ट होता, शेतातल्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी चालू होती. आंबागडहून आम्ही सकाळीच आलो होतो. मी, आई, बाबा आणि दोन मोठ्या बॅगा. नागपूरच्या विमानतळावर माझे होस्टेलचे मित्र निरोप द्यायला येणार होते आणि आईबाबाही तिथपर्यंत येणार, असं ठरलं होतं. नागपूरची बस लागली. मी बॅगा चढवल्या, आई खिडकीशी बसली. बाबा खालीच उभे राहिले.

"मी इथूनच वापस जातो," ते म्हणाले. "बांधीत मानसं लागून हायेत. तुमी जा."

मी एकदा तरी "चला ना बाबा" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण मला सुटल्यासारखं वाटलं. बस हलली तेव्हा ते खिडकीजवळ आले. "पोचला का फोन करजो," म्हणाले आणि निरोपाला वर गेलेला हात अर्ध्यातूनच मानेमागे गेला. मी तो हात पाहिला आणि समोर बघायला लागलो.

या केसांचं प्रकरण काय, ते आता सांगतो. गावाकडच्या मंडळींना वाटतं, आपल्याला ते माहीत आहे. इकडे अमेरिकेत आलेल्या माझ्या मित्रांना त्यातलं ओ की ठो माहीत नाही. दोघंही माझ्यामुळे इतकी वर्षं खोट्यात राहिले, म्हणून दोघांसाठी एकदाच लिहितो आहे.

बाबा शेतकरी. पण दिवाळी झाली, धान कापून झाला, की ते नाच्या व्हायचे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघर पाहुणे, आणि दुपारी चौकात खडी गंमत. डफ, ढोलक, तुणतुणं, गाणारा शाहीर आणि राधा होऊन नाचणारा नाच्या. सगळं उभ्यानं चालतं म्हणून खडी. बाईचं कामही पुरुषच करतो. शाहीर लक्ष्मण यांच्या फडात ते काम बाबांकडे होतं. नाव काशीराम, पण आंबागडपासून नाकाडोंगरीपर्यंत लोक त्यांना नुसतं काशी म्हणत. बाकीचे नाचे गंगावन बांधायचे. बाबांचे केस स्वतःचे होते, पाठीवर रुळणारे, आणि त्यांना त्याचा गर्व होता. शेतात आणि तालुक्याला जाताना ते त्यांचा बुचडा बांधून वर दुपट्टा गुंडाळत.

लहानपणी मी त्यांच्या पावडरचा डबा धरून बसायचो. काजळ घालताना ते आरशात बघून एक डोळा मिटत, मीही मिटायचो. सातवीनंतर तुमसरच्या शाळेत गेलो आणि तिथे पहिल्याच महिन्यात एका मुलानं कमरेवर हात ठेवून सगळ्या वर्गासमोर विचारलं, "काहून बे, तुही माय कोनती? घरची का फडातली?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि ते मला अजून माफ करता आलेलं नाही. त्या वर्षीपासून मंडईच्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. दरवर्षी, न चुकता, सकाळी नऊपासून. आई ओवा द्यायची. बाबा डबा स्वतःच उचलून निघून जायचे.

पुढे नागपूरला इंजिनिअरिंगला गेलो. होस्टेलमध्ये माझी गाठ अभिजितशी पडली. धरमपेठेतला, डॉक्टरांचा मुलगा, घर गावातच असून हौसेनं होस्टेलमध्ये राहणारा. त्याच्याकडे कॅसेटींचा ढीग होता, सगळ्या अमेरिकन रॉक बँडच्या. इंग्रजी शब्द मला निम्मेही कळत नव्हते, पण ढोल कळत होता. आमच्या डफाची सवय असलेल्या कानाला ते काही परकं वाटलं नाही. महिन्याभरात मी अट्टल झालो. आणि मग सुरू झाला तो वाद, जो आजतागायत मिटलेला नाही: आजवरचा सर्वांत मोठा अमेरिकन बँड कोणता?

बँडांची नावं मी इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिली की वाचणारे निम्मे लोक माझं सांगणं सोडून त्यावरच भांडत बसतील, हे मला अनुभवानं माहीत आहे. एवढंच सांगतो की अभिजितचा बँड फाटक्या शर्टात, मान खाली घालून, स्वतःशीच रडल्यासारखा गाणाऱ्यांचा होता. आणि माझा बँड होता लांब केसांच्या पुरुषांचा. डोळ्यांत काजळ, ओठांना लाली, चकाकणारे कपडे, उंच टाचांचे बूट. स्टेजवर ते लाजत नव्हते, मुरडत होते, हजारो लोकांकडे बघून डोळा मारत होते. मी त्यांच्यासाठी मेसमध्ये ताट थंड होऊ दिलं, परीक्षेच्या तोंडावर भांडलो, एकदा तर अभिजितशी चार दिवस अबोला धरला.

आता हसू येतं का? मला येत नाही. मला त्या वेळी हे दिसलंच नाही, इतका मी आंधळा होतो. दिसलंच नाही म्हणणंही खोटं आहे. कुठेतरी दिसत होतं, आणि मी तिकडे बघत नव्हतो.

त्या बँडचं एक मोठं पोस्टर मी सुट्टीत घरी आणलं आणि आतल्या खोलीच्या दाराला मागून चिकटवलं. बाबांनी ते पाहिलं. जवळ गेले, चष्मा लावला आणि कारागिरानं कारागिराचं काम बघावं तसे बराच वेळ बघत राहिले.

"ह्याचं काजळ पसरून राह्यलं," ते म्हणाले. "घामाचं काम असलं का आधी बोटभर तेल लावा लागते. कोनत्या गावचे होत हे?"

"अमेरिकेचे."

"मंग ह्याइले घरचे काई म्हनत नाई का?"

"त्यांना कोण काय म्हणणार? ते लय मोठे आहेत बाबा," मी म्हणालो.

"हो का," ते म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. त्यावर ते बोलले एवढंच.

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पत्र आलं, व्हिसा झाला, निघायचा दिवस ठरला. त्याच्या आठ दिवस आधी मी चुलीजवळ बसून आईला म्हणालो, "बाबा नागपूरला येणार आहेत ना... तिथं सगळे मोठ्या घरचे येणार आहेत."

"मंग?" आई म्हणाली.

"काही नाही. ते केस..."

वाक्य मी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. ओसरीवर बाबा दोरी वळत बसले होते. दोरीचा आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेआधी ते तुमसरला गेले आणि परत आले तेव्हा दुपट्टा डोक्यावर नव्हता, खांद्यावर होता. आईच्या हातातला पळा तसाच राहिला. "भात वाढ व, भूक लागली," बाबा म्हणाले. मी जेवताना त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांचं डोकं एकदम लहान दिसत होतं.

संध्याकाळी मी दारामागचं पोस्टर काढलं. लाज वाटून काढलं, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी ते गुंडाळून बॅगेत घातलं, अमेरिकेला न्यायला.

आणि ज्यांच्यासाठी केस गेले, त्या मित्रांना बाबा भेटलेच नाहीत. विमानतळावर अभिजित त्याच्या वडिलांना घेऊन आला होता. त्याचे केस खांद्यापर्यंत वाढलेले, मोकळे सोडलेले, आणि डॉक्टर काका त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे. "बाबा नाही आले?" काकांनी विचारलं. "शेतीची कामं आहेत," मी सांगितलं. ते खरंच होतं, त्यामुळे ते खोटं मला फार सोपं गेलं. पुढे इथे कुणीही विचारलं की वडील काय करतात, मी म्हणत आलो, शेती करतात. शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेत पोचला, हे ऐकून लोकांचे डोळे भरून येतात. मी ते भरू देतो.

त्या दिवाळीनंतर आईचा फोन आला, शेजाऱ्यांकडून. "गंगावन बांधून नाचतेत तुहे बाबा," ती म्हणाली. "म्हनतेत, लय हलकं हलकं लागून राह्यलं." दोन हंगाम त्यांनी तसे काढले आणि मग काम सोडलं. गुडघे दुखतात, असं सांगितलं. मी औषध पाठवलं.

आता मी ओहायोतल्या एका मध्यम शहरात राहतो. घर आहे, ड्राइव्हवे आहे, हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढणारं मशीन आहे. ते पोस्टर चांगली फ्रेम करून बेसमेंटमध्ये लावलं आहे. अभिजितही काही वर्षांनी याच शहरात आला. त्याचं टक्कल पडलंय, पण वाद तोच. उन्हाळ्यात महिन्यातून एका शनिवारी त्याच्या बॅकयार्डमध्ये ग्रिल लागतं, ऑफिसची माणसं येतात, शेजारचा बिल येतो, आणि मक्याची कणसं भाजेपर्यंत सर्वांत मोठ्या बँडचा विषय निघालेला असतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी अभिजित जरा जास्तच बोलला. "तुझे ते लोक म्हणजे काय संगीत आहे का?" तो म्हणाला. "केस वाढवायचे, तोंड रंगवायचं आणि बाईसारखं मुरडायचं. बहुरूपी नुसते." सगळे हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्लेट हातात घेऊनच मी उभा राहिलो आणि इंग्रजीत बोलायला लागलो. म्हणालो, फाटका शर्ट घालून मान खाली घालायला काय लागतं? लाली लावून, बाईसारखं नटून आपल्याच गावच्या पुरुषांसमोर भरदुपारी उभं राहायला छाती लागते. आणि मोठा कोण ते गाणारा सांगत नाही, तुम्ही आम्हीही सांगत नाही. पाय दुखायला लागले तरी माणूस ज्याच्यासमोरून हलत नाही, तो मोठा.

बिलनं टाळ्या वाजवल्या. अभिजितनं हात जोडले, "हरलो बाबा. हे कुठून आणलंस?"

तुम्हाला कळलंच असेल, कुठून आणलं होतं ते. मी सहावीत असताना नाकाडोंगरीच्या मंडईत एकानं बाबांना बघून घाण शिट्टी मारली होती. बाबांनी ढोलक थांबवलं, पदर खोचला आणि त्याला म्हणाले, "लुगडं नेसूनशान चार गावच्या मानसाइपुढं उभं राहाले छाती लागते, बापू. तुही हाय का तेवढी?" लोक इतके हसले की तो पळाला. घरी येताना मी विचारलं होतं, आपला फड मोठा की दुसरा? तर म्हणाले, "थे शाहिराच्या सांगन्यावर नाई रायत. पाय दुखले तरी मानूस जागचा हालला नाई, का थो फड मोठा."

आणि अभिजितला मी काय सांगितलं? "कुणा जुन्या गिटारवाल्याच्या मुलाखतीत ऐकलं होतं."

आठवीतला मुलगा घाबरलेला होता, त्याला एक वेळ सोडून देता येईल. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, घरदार असलेल्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या माणसाला कशाचं भय होतं? समोर सगळे मोहून बघत होते. "माझे वडील म्हणायचे," एवढे तीन शब्द पुरे होते. ते घशाशी आले आणि त्यांच्याबरोबर लुगडं, पावडर, ती शिट्टी, सगळंच वर यायला लागलं, म्हणून मी गिळून टाकले. दुसऱ्या दिवशी अभिजितनं गिटारचं चित्र लावून, खाली 'एक अमेरिकन गिटारवादक' असं लिहून बाबांचं वाक्य आमच्या ग्रुपवर टाकलं. चौदा जणांनी अंगठे दिले. त्यातला एक अंगठा माझा आहे.

गेल्या दिवाळीला मी गावी गेलो. एरवी मुलांच्या सुट्ट्या बघून मे-जूनमध्ये जायचो. मंडईला म्हणून तीस-पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा उभा राहिलो. बाबांना पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. केस पांढरे, बारीक कापलेले. शाहीर लक्ष्मण आता थकलेत, पण डफ त्यांच्याच हातात. नवा नाच्या चांगला नाचत होता. मध्येच त्याचं गंगावन सुटलं, त्यानं ते हसत हसत खोचलं, आणि खुर्चीत बसलेल्या बाबांचा हात मानेमागे गेला.

मग शाहिरांनी डफ थांबवला आणि माइक जवळ ओढला. "आपल्या काशीचा पोरगा अमेरिकेहून आला हाय," ते म्हणाले. "तुमाले ठाव हाय का, ह्या काशीनं पोराच्या अमेरिकेसाठी गावदेवीले, आपल्या मातामायले नवस बोलला होता? डोक्शाचे केस देले! नाच्यानं केस देले म्हंजे काय देलं, थे आमाले विचारा. असा बाप पायजे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "नशीब काढलं गा तुनं."

मला हे माहीतच नव्हतं. गावाला बाबांनी काय सांगितलं असेल, हा प्रश्नही मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. शाहिरांनी माइक माझ्या हातात दिला. अख्खा चौक समोर होता, बाबा समोर होते. मी म्हणालो, "सर्वांना नमस्कार. खूप छान वाटलं," आणि माइक परत दिला.

दिवस बुडायला आला तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो.

"बाबा, नवस तं नोहता," मी म्हणालो.

"कोन म्हन्ते?"

"मीच आईले म्हनलो होतो ना केसाइचं. तुमी आयकलं होतं."

"आयकलं ना. कान तवा चांगले होते." ते थोडे हसले. मग म्हणाले, "न्हाव्याच्या खुर्चीत बसूनशान नवस बोललो. का मातामाय, माह्या पोराले माही लाज नोको वाटू दे."

मी खाटेची सैल झालेली दोरी ओढत राहिलो.

"लोकं आधी मांगतेत, पुरा झाला का फेडतेत," ते म्हणाले. "आपलं उलटं झालं गा. फेडून ठेवला. पुरा व्हाचा हाय अजून."

ते रागानं बोलले नव्हते. शेवटच्या बांधीला अजून पाणी पोचलं नाही, हे सांगावं तसं बोलले. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली आणि ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

परत येऊन सात महिने झाले. इथल्या मंडळींच्या गप्पांत 'घर' हा शब्द फार येतो. कुणासाठी ते आईच्या हातची भाजी असतं, कुणासाठी शाळेमागचं मैदान. मी इतकी वर्षं ऐकून मान हलवत आलो. आता मला विचाराल, तर जिथे माझ्या नावाचा एक नवस फेडून झालेला आहे आणि पुरा व्हायचा राहिला आहे, ते माझं घर. लाज मला अजून वाटते, रोज वाटते. फक्त ती बाबांची वाटत नाही. तेवढ्यानं नवस पुरा झाला असं मातामाय मानेल की नाही, मला ठाऊक नाही.

शाहीर काका, या वर्षीच्या मंडईत डफ थांबवून हे लिहिलेलं माइकवरून वाचा. बाबांना पुढे बसवा, त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्यानं वाचा. केस मी कापायला लावले होते. अभिजित, ग्रुपवरच्या त्या चित्राखालचं नाव बदल. कुणाही गिटारवाल्यानं ते म्हटलेलं नाही. आणि येत्या शनिवारी तुझ्याकडे कुणी विचारलं की याचे वडील काय करायचे, तर तू उत्तर देऊ नकोस. मला ते स्वतः सांगू दे.

विलास,
आंबागडच्या काशी नाच्याचा मुलगा.